तक्रार करणारा प्रोसेसर आणि अडवून ठेवणारा प्रोसेसर

"सर्व्हर हँग झाला" हे वाक्य कार्यालयात सगळेच एकाच अर्थाने वापरतात. पण त्या वाक्याखाली निदान चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात, आणि त्यांपैकी नेमका कोणता आहे हे ठरवण्याआधी केलेला उपाय बहुधा वाया जातो. एकाच प्रोसेसरच्या जुन्या यंत्रात निदान एवढे तरी निश्चित असे, की जो अडकला तोच दोषी. दोन सॉकेट (प्रोसेसर बसवण्याच्या जागा) आणि प्रत्येकात डझनावारी कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसरचे भाग) असलेल्या आजच्या सर्व्हरवर ही खात्री उरत नाही. तिथे जो कोअर लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) आपला क्रमांक नोंदवून ओरडतो, तो पुष्कळदा दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत थांबलेला असतो, आणि ज्याच्यामुळे सगळे थांबले आहेत तो मात्र एक अक्षरही उमटू देत नाही. लिनक्सवर चालणारे असे सर्व्हर सांभाळताना मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो.

आधी यंत्र नेमके किती मेले आहे ते पाहावे. पिंगला (यंत्र जागे आहे का हे विचारणाऱ्या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर येते पण एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत जाता येत नाही, ही अवस्था फार बोलकी आहे. पिंगचे उत्तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच, इंटरप्टच्या (चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या संकेताच्या) पाठोपाठ चालणाऱ्या सॉफ्टआयआरक्यू या टप्प्यात देऊन टाकतो. त्यासाठी एकही सामान्य प्रोसेस (चालू प्रोग्राम) चालावी लागत नाही. म्हणजे नेटवर्क कार्डाची ती रांग ज्या कोअरकडे सोपवलेली आहे तो कोअर इंटरप्ट घेतो आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसते आणि डेटाबेस मात्र उत्तर देत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते. याउलट पिंग बंद, कीबोर्डावरचा नमलॉकचा दिवाही बदलत नाही आणि कन्सोलवर (कर्नल आपले संदेश जिथे छापतो तिथे) नवी ओळ उमटत नाही, अशी स्थिती असेल तर संशय इंटरप्टच बंद पडल्याकडे किंवा थेट हार्डवेअरकडे वळवावा लागतो.

या दोन अवस्थांमधला फरक कर्नलचा वॉचडॉगही (कोअर अडकला का ते पाहणारा पहारेकरी) जाणतो. त्याची रचना समजून घेतली की लॉगमधल्या ओळी निराळ्याच वाचता येतात. प्रत्येक कोअरवर एक टायमर मूळ मांडणीनुसार दर ४ सेकंदांनी वाजतो आणि सर्वांत वरच्या प्राधान्याच्या एका छोट्या कामाला जागे करतो. ते काम फक्त वेळेची नोंद करते. त्या कामाला २० सेकंदांपेक्षा अधिक काळ चालायला मिळाले नाही, म्हणजे कर्नलमधल्या कोणीतरी तो कोअर सोडलाच नाही, तर त्याला सॉफ्ट लॉकअप म्हणतात. इथे टायमरचा इंटरप्ट अजून येत असतो, म्हणून तर तक्रार नोंदवता येते. तपासणी ४ सेकंदांच्या अंतराने होत असल्यामुळे "२२ सेकंद अडकला" किंवा "२३ सेकंद अडकला" असे आकडे लॉगमध्ये वारंवार दिसतात. त्यात गूढ काही नाही. हार्ड लॉकअप याच्या पुढची पायरी आहे: तिथे कोअरने इंटरप्टच बंद करून ठेवलेले असतात आणि टायमरही वाजत नाही. तो ओळखण्यासाठी प्रोसेसरमधला एक हार्डवेअर काउंटर साधारण १० सेकंदांनी एनएमआय, म्हणजे रोखता न येणारा इंटरप्ट पाठवतो आणि दरम्यान टायमर पुढे सरकला का एवढेच पाहतो. आभासी यंत्रांत हा काउंटर अनेकदा उपलब्ध नसतो, त्यामुळे तिथे हार्ड लॉकअपची नोंद मिळाली नाही म्हणून तो झालाच नाही असे म्हणता येत नाही.

आणखी दोन संदेश याच कुळातले वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. एखादी प्रोसेस १२० सेकंद डी अवस्थेत (मध्येच उठवता न येणाऱ्या झोपेत) अडकल्याची ओळ आली तर प्रोसेसर मोकळाच असू शकतो. ती प्रोसेस डिस्क, एनएफएस (नेटवर्कवरची फाइल व्यवस्था) किंवा एखाद्या म्यूटेक्सची (एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलपाची) वाट पाहत झोपलेली असते. अशा वेळी प्रोसेसरवर लक्ष केंद्रित करणे म्हणजे भलत्याच दारावर थाप मारणे होय, स्टोरेजकडे जावे. दुसरा संदेश आरसीयू स्टॉलचा. कर्नलमधल्या आरसीयू यंत्रणेला जुनी माहिती फेकून देण्यापूर्वी प्रत्येक कोअर एकदा तरी ठरावीक शांत अवस्थेतून गेला आहे याची खात्री करावी लागते. एखादा कोअर मूळ मांडणीनुसार २१ सेकंदांत, आणि लिनक्सच्या काही वितरणांत ६० सेकंदांत, तसा गेला नाही की ती ओरड करते. या संदेशाचे मोल मला सॉफ्ट लॉकअपच्या संदेशाहून अधिक वाटते, कारण तो संथ कोअरचा क्रमांक सांगतो. सॉफ्ट लॉकअपचा संदेश फक्त स्वतःचा क्रमांक सांगतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बहुप्रोसेसर यंत्रात कोअर एकमेकांना आंतरप्रोसेसर इंटरप्ट पाठवतात. मेमरीचा एखादा नकाशा बदलला की इतर कोअरच्या टीएलबीमध्ये (मेमरीचे पत्ते हाताशी ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात) साठलेले जुने पत्ते पुसावे लागतात. त्यासाठी बदल करणारा कोअर बाकीच्यांना तसा इंटरप्ट पाठवतो आणि सर्वांची पोच येईपर्यंत जागच्या जागी फिरत राहतो. पंगतीत सगळ्यांचे जेवण होईपर्यंत कोणी उठायचे नाही, तसा हा नियम आहे. एका कोअरने इंटरप्ट बंद ठेवून बसकण मारली की त्याला निरोप पाठवणारा दुसरा अडकतो. मग तिसरा, कारण त्यालाही कुठला तरी नकाशा बदलायचा असतो. आणि थोड्याच वेळात अर्धे यंत्र पोच येण्याची वाट पाहत असते. लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअपचे संदेश पडतात ते या वाट पाहणाऱ्यांचे. त्यांच्या स्टॅकच्या (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या उतरंडीच्या) शेंड्यावर "एसएमपी कॉल फंक्शन मेनी" हे फंक्शन दिसते आणि त्याखाली टीएलबी पुसण्याची फंक्शने. हा स्टॅक दिसला की मेमरी व्यवस्थापनात बग आहे असा निष्कर्ष काढून तसा रिपोर्ट लिहिणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात त्या स्टॅकचा अर्थ एवढाच असतो की दोषी दुसरीकडे आहे, त्याला शोधा.

स्पिनलॉकच्या, म्हणजे मिळेपर्यंत कोअरला जागच्या जागी फिरत ठेवणाऱ्या कुलपाच्या, बाबतीतही तसेच होते. लिनक्समध्ये एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय १९९६ च्या २.० आवृत्तीत आली तेव्हा जवळपास अख्ख्या कर्नलला एकच मोठे लॉक होते. ते हळूहळू तुकड्यातुकड्यांनी काढत २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत पूर्ण गेले. त्या काळात लॉकची संख्या वाढत गेली आणि दोन लॉक दोन कोअरनी उलट क्रमाने घेऊन एकमेकांना कायमचे अडवून धरण्याची शक्यताही वाढली. असा उलटा क्रम प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच पकडणारी लॉकडेप ही तपासयंत्रणा इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये २.६.१८ मध्ये आणली. ती उत्तम आहे, पण यंत्र इतके मंदावते की चालू उत्पादनात ती लावण्याचा सल्ला मी देणार नाही. स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी मात्र ती न लावता कोड बाहेर पाठवू नये. दोन सॉकेटच्या यंत्रांवर आणखी एक अडचण होती. जुन्या स्पिनलॉकमध्ये रांग नव्हती. लॉक सुटले की ज्याच्या कॅशेजवळ ते असेल तोच पुन्हा पटकावी आणि दुसऱ्या सॉकेटवरचा कोअर उपाशी राही. २००८ मध्ये २.६.२५ मध्ये आलेल्या तिकीट स्पिनलॉकने आणि नंतर २०१५ मध्ये ४.२ मध्ये आलेल्या रांगेच्या स्पिनलॉकने हा अन्याय दूर केला. आता लॉकसाठी ताटकळणारे कोअर दिसले तर प्रश्न अन्यायाचा नसतो, लॉक धरून ठेवणाऱ्याचा असतो.

दोषी कोअर ओळखायचा असेल तर यंत्र गोठलेल्या अवस्थेतच त्याचा जबाब घ्यावा लागतो, आणि नेमक्या याच वेळी सगळ्यांचा हात रीसेटच्या बटणाकडे जातो. सेवा बंद असते, फोन वाजत असतात, आणि "एकदा रीस्टार्ट करून बघा ना" या सूचनेला नाही म्हणणे कठीण असते. तरीही पाच मिनिटे मागून घ्यावीत, कारण रीसेटबरोबर पुरावा पुसला जातो आणि तोच बिघाड पुन्हा येईपर्यंत हाती काही उरत नाही. त्या पाच मिनिटांत पहिला प्रयत्न सिसआरक्यूचा, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळांचा. कन्सोलवरून, किंवा बीएमसीच्या (सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी त्यातच बसवलेल्या छोट्या संगणकाच्या) सीरियल ओव्हर लॅन जोडणीतून ब्रेक पाठवून, "एल" दाबले की सर्व चालू कोअरचे स्टॅक छापले जातात. "डब्ल्यू" दाबले की डी अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसची यादी मिळते. "टी" मात्र जपून वापरावे, कारण ते प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक ओततो, आणि हजारो प्रोसेसच्या यंत्रावर तो ओघच नवी अडचण होऊन बसतो. अनेक वितरणांत सिसआरक्यूच्या बहुतेक कळा मूळ मांडणीत बंद असतात, तेव्हा ती सोय आधीच करून ठेवलेली हवी.

ज्या कोअरकडे कन्सोलचा इंटरप्ट जातो तोच बंद असेल तर सिसआरक्यूचा उपयोग होत नाही. मग बीएमसीकडून एनएमआय पाठवावा. बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयच्या साधनात त्यासाठी पॉवर डायग ही आज्ञा आहे. अनोळखी एनएमआय आल्यावर पॅनिक (कर्नलने स्वतःहून सगळे काम थांबवणे) करण्याची सेटिंग चालू असेल, तर कर्नल तिथल्या तिथे पॅनिकमध्ये जातो आणि केडंप या सोयीसाठी राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल उभा राहून पहिल्याची मेमरी डिस्कवर उतरवतो. ही व्हीएमकोर फाइल म्हणजे गोठलेल्या क्षणाची संपूर्ण नोंद. क्रॅश या साधनात ती उघडून "बीटी" ला "ए" जोडून दिले की प्रत्येक कोअर त्या क्षणी काय करत होता ते एकाखाली एक दिसते. पुढचे काम वाचनाचे आहे: एकसारखे स्टॅक बाजूला काढत जायचे आणि गटात न बसणारा एखादा कोअर उरतो का ते पाहायचे.

हे नुसते तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून एक प्रकरण सांगतो. एका कंपनीचा दोन सॉकेटचा डेटाबेस सर्व्हर, त्यावर सेंटओएस ७ हे लिनक्सचे वितरण, म्हणजे ३.१० चा कर्नल. अधूनमधून, आणि बहुतेक वेळा रात्रीच, तो गोठायचा. पिंग कधी चाले, कधी नाही. कन्सोलवर शेवटच्या ओळी असायच्या त्या फायरवॉलने नाकारलेल्या पॅकेटांच्या, अगदी रोजच्या. लॉकअपची एकही ओळ नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघे की कर्नलने काहीच सांगितलेले नाही, तेव्हा दोष हार्डवेअरचा. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या गेल्या, बायोस अद्ययावत झाला, आणि सर्व्हर गोठतच राहिला.

पहिला धागा मिळाला तो नेटकन्सोलमुळे. कर्नलचे संदेश यूडीपीने दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची ही सोय लावल्यावर दिसले की गोठण्याच्या काळातही फायरवॉलच्या ओळी येतच होत्या, पण अतिशय संथ आणि समान अंतराने, सेकंदाला सुमारे पाच. ओळींच्या सुरुवातीला कर्नलने स्वतः मारलेले वेळेचे शिक्के मात्र याच्याशी जुळत नव्हते. शिक्क्यांप्रमाणे एकेका सेकंदात शेकडो ओळी तयार झाल्या होत्या. म्हणजे पाहणाऱ्याला जे दिसत होते ते काही मिनिटांपूर्वीचे होते आणि संदेशांची रांग वाढत चालली होती. लॉकअपचे संदेशही याच रांगेत मागे उभे होते. त्यांची पाळी येण्याआधीच कोणीतरी रीसेट दाबत होते.

सेकंदाला पाच ओळी हा वेग कुठून आला, हा प्रश्न विचारला की उत्तर जवळच होते. यंत्राचा सीरियल कन्सोल ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) ठेवलेला होता. एका अक्षराला १० बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरे होतात, आणि फायरवॉलची एक ओळ सहज २०० अक्षरांची असते. त्या काळच्या कर्नलमध्ये नियम असा होता की संदेश कोणीही लिहो, कन्सोलचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने बफरमधले सर्वांचे साठलेले संदेश छापून संपवायचे. दरम्यान इतर कोअर संदेश बफरमध्ये टाकून मोकळे होत. छापणारा एक आणि लिहिणारे अनेक, असा हा व्यवहार. शिवाय प्रत्येक ओळ एकामागून एक सर्व कन्सोलांकडे जात असल्याने चपळ नेटकन्सोललाही संथ सीरियल पोर्टच्या चालीने चालावे लागत होते. बफर १ मेगाबाइटचा असेल आणि तो भरलेला असेल, तर ९६० अक्षरांच्या वेगाने तो रिकामा व्हायला अठरा मिनिटे लागतात.

तरीही एक प्रश्न उरत होता. फायरवॉलच्या ओळी तर रोजच पडत. मग यंत्र रोज का गोठत नव्हते? त्याचे उत्तर व्हीएमकोरने दिले. सॉफ्ट लॉकअप होताच पॅनिक करण्याची सेटिंग चालू केली आणि पुढच्या खेपेला डंप हाती आला. बहुतेक कोअर दोन गटांत बसत होते: काही टीएलबीच्या पोचेसाठी थांबलेले, काही स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरमधल्या एका स्पिनलॉकसाठी. एक कोअर मात्र कुठल्याच गटात बसत नव्हता. त्याच्या स्टॅकच्या शेंड्यावर सीरियल पोर्टचे रजिस्टर वाचणारे एक साधे फंक्शन होते; खाली कन्सोलवर अक्षर पाठवण्याची, त्याखाली प्रिंटकेची (कर्नलचे संदेश लिहिणाऱ्या यंत्रणेची), आणि अगदी तळाशी स्टोरेज ड्रायव्हरचा इंटरप्ट हाताळणारा भाग. ड्रायव्हरला एका डिस्कच्या पुनःप्रयत्नाबद्दल एकच ओळ लिहायची होती. ती लिहिताना त्याने आपले लॉक धरले होते आणि इंटरप्ट बंद होते. नेमक्या त्याच क्षणी कन्सोल मोकळा सापडल्यामुळे ताबा त्याच्याकडे आला, आणि मागून येणाऱ्या फायरवॉलच्या शेकडो ओळी छापण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. इतर वेळी हे काम ज्याच्याकडे जाई त्याच्या हातात कोणाला हवे असलेले लॉक नसे, म्हणून यंत्र फक्त अडखळे, गोठत नसे.

यातला सर्वांत चमत्कारिक भाग असा की या कोअरविरुद्ध वॉचडॉगने कधीच तक्रार केली नसती. सीरियल कन्सोलचा ड्रायव्हर छापायला घेताना वॉचडॉगला स्वतःहून सांगतो की मी ठीक आहे, मला मोजू नकोस. कन्सोल मुळातच संथ असतो हे ठाऊक असल्याने ती तरतूद मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे सॉफ्ट लॉकअपही नाही आणि हार्ड लॉकअपही नाही; ओरडत होते ते फक्त वाट पाहणारे. आणि रात्रच का, याचा उलगडा फायरवॉलच्या ओळींतल्या पत्त्यांवरून झाला: सुरक्षा विभागाचा स्कॅनर रात्री सर्व पोर्ट तपासत असे, आणि पॅकेट नाकारण्याच्या नियमातल्या लॉगला वेगाची कुठलीच मर्यादा घातलेली नव्हती.

उपाय साधे होते. लॉगच्या नियमाला मर्यादा घातली, कन्सोलवर कोणत्या पातळीपर्यंतचे संदेश जावेत ती पातळी खाली आणली आणि पोर्टचा वेग ११५२०० केला. यांपैकी केवळ वेग वाढवून भागले नसते, हे हिशेबाने लगेच कळते: सेकंदाला ११,५२० अक्षरांच्या वेगानेही भरलेला १ मेगाबाइट रिकामा व्हायला दीड मिनिट लागते, आणि वॉचडॉगची मर्यादा २० सेकंदांची आहे. कर्नलमध्येही या दुखण्यावर काम झाले आहे. २०१८ मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांच्या बदलाने छापणारा कोअर, दुसरा कोणी छापायला आला की त्याच्याकडे ताबा सोपवू लागला, त्यामुळे सगळा भार एकावर पडत नाही. प्रिंटकेची मुळातून फेररचना करण्याचे काम त्यानंतरही बराच काळ चालले. रिअल टाइम (ठरल्या वेळेत काम होईलच याची हमी देणाऱ्या) कर्नलचा संच २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात येईपर्यंत जे शेवटचे अडथळे होते त्यांत प्रिंटकेचा क्रमांक वरचा होता. नुसती एक ओळ छापणे, पण कोणत्याही क्षणी आणि कोणतेही लॉक हातात असताना, हे किती अवघड आहे याची त्यावरून कल्पना यावी.

सगळेच गोठणे असे सॉफ्टवेअरच्या वाटांनी येत नाही. म्हणून स्टॅक वाचायला बसण्याआधी बीएमसीचा इव्हेंट लॉग पाहून घ्यावा. तिथे प्रोसेसरची अंतर्गत चूक, ईसीसीच्या (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या व्यवस्थेच्या) न दुरुस्त झालेल्या चुका किंवा वीजपुरवठ्याची नोंद असेल तर पुढचा बराच वेळ वाचतो. बीएमसीचे घड्याळ पुष्कळदा यूटीसीवर असते आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे लॉग भारतीय वेळेत, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक लक्षात न घेता दोन्ही नोंदी जुळवणारे "त्या वेळी तर काहीच झाले नव्हते" असे ठामपणे सांगतात. दुरुस्त झालेल्या ईसीसी चुकांची नोंद रासडिमन हा प्रोग्राम ठेवतो. त्या एकाच पट्टीवर वाढत असतील तर ती पट्टी बदलावी, त्यासाठी गोठण्याची वाट पाहू नये.

काही बिघाड मात्र घड्याळाच्या काट्यावर येतात, आणि ते ओळखण्यासाठी अपटाइमचा (यंत्र किती दिवस अखंड चालू आहे त्याचा) आकडा विचारणे पुरेसे असते. २.६.३२ च्या पिढीतले कर्नल सुमारे २०८ दिवस अखंड चालले की कोसळत किंवा गोठत, कारण नॅनोसेकंदांचा हिशेब करताना ६४ बिटांतले १० बिट गुणाकारात खर्ची पडत आणि २ चा ५४ वा घात इतके नॅनोसेकंद म्हणजे साधारण २०८.५ दिवस. एएमडीच्या रोम पिढीतल्या एपिक प्रोसेसरांत, शेवटच्या रीसेटनंतर सुमारे १०४४ दिवसांनी एखादा कोअर सीसी६ या गाढ झोपेतून उठतच नाही. कंपनीने स्वतः १४७४ क्रमांकाची त्रुटी म्हणून हे जाहीर केले आहे, आणि उपाय दोनच: ती झोप बंद ठेवणे किंवा त्याआधी यंत्र रीबूट करणे. झोपेतून न उठलेला कोअर आंतरप्रोसेसर इंटरप्टची पोच देणार नाही, म्हणजे लॉगमध्ये पुन्हा दिसतील ते वाट पाहणारेच. अपटाइम मिरवणाऱ्यांना ही दोन्ही उदाहरणे सांगायला मला आवडतात.

तिसरे उदाहरण लीप सेकंदाचे. ३० जून २०१२ च्या शेवटी यूटीसीमध्ये एक सेकंद वाढवला गेला. भारतात तेव्हा १ जुलैची, रविवारची पहाट साडेपाचची वेळ होती. तो सेकंद घालताना कर्नलने आपल्या सूक्ष्म टायमरांना घड्याळ बदलल्याची वर्दी दिली नाही, त्यामुळे सेकंदाहून कमी मुदतीचे टायमर लावताक्षणी संपू लागले आणि जावा, मायएसक्यूएल यांसारख्या प्रोसेस फ्युटेक्सच्या (प्रोसेसना एकमेकांसाठी थांबवणाऱ्या लॉकच्या) वाटेवर गरगर फिरत राहिल्या. सर्व कोअर शंभर टक्के व्यस्त, काम शून्य. याला लॉकअप म्हणता येत नाही, कारण वॉचडॉगच्या दृष्टीने सगळे ठणठणीत होते. पण वापरणाऱ्याला फरक कळला नसता. तारीख आहे तीच पुन्हा सेट केली की यंत्र शुद्धीवर येई, कारण त्या आज्ञेने राहून गेलेली वर्दी दिली जाई.

आभासी यंत्रांबद्दल थोडक्यात एवढेच, की तिथला सॉफ्ट लॉकअप पुष्कळदा खोटा असतो. यजमानाने (आभासी यंत्र ज्यावर चालते त्या खऱ्या यंत्राने) त्या आभासी कोअरला वीस-पंचवीस सेकंद चालूच दिले नाही, तर पाहुण्या कर्नलला वाटते की आपल्यातलेच कोणी अडले. स्टील टाइम (यजमानाने हिरावलेला वेळ) आणि स्नॅपशॉटच्या (यंत्राची स्थिती जतन करण्याच्या) वेळा तपासून मगच स्टॅककडे वळावे.

एका सल्ल्याबद्दल मात्र माझे मत तीव्र आहे. यंत्र गोठते असे म्हटले की बूटच्या ओळीत एपीआयसी (इंटरप्ट कोअरपर्यंत पोचवणारी यंत्रणा) बंद, एसीपीआय (वीज आणि हार्डवेअरची मांडणी सांभाळणारी व्यवस्था) बंद, एकच कोअर चालू असे चार-पाच पर्याय एकदम घालायला सांगितले जाते. एकाच कोअरवर यंत्र गोठले नाही म्हणजे दोष समांतर चालण्यात आहे, हा तर्क वरवर ठीक दिसतो. पण एका कोअरवर भारही तेवढाच घटतो, संदेशही कमी पडतात आणि वेळांचे सगळे गणितच बदलते. वरच्या प्रकरणात हा प्रयोग केला असता तर गोठणे नक्की थांबले असते आणि फायरवॉल, बॉड किंवा ड्रायव्हर यांपैकी कशाचेही नाव निघाले नसते. झोपेच्या अवस्था मर्यादित करणारा पर्याय तेवढा मी वेगळा धरतो, कारण त्यामागे ठरावीक प्रोसेसरांची ठरावीक, जाहीर झालेली कारणे असतात. तोही एकटाच बदलावा आणि बाकी काही हलवू नये.

नवा सर्व्हर उत्पादनात जाण्याआधी आता मी काही गोष्टी करून घेतो. केडंपसाठी मेमरी राखलेली असते, सिसआरक्यूची आणि अनोळखी एनएमआयची सेटिंग चालू असते, कन्सोलचा वेग बीएमसी, बायोस आणि कर्नल या तिन्ही ठिकाणी सारखा असतो, त्या आवृत्तीची डीबग माहिती क्रॅशसाठी उतरवून ठेवलेली असते. आणि मग सिसआरक्यूचे "सी" दाबून यंत्र मुद्दाम पाडतो आणि दुसऱ्यांदा बीएमसीच्या एनएमआयने पाडतो. पहिल्या खेपेला डंप पडतो आणि दुसऱ्या खेपेला पडत नाही, असे बरेचदा आढळते: कधी एनएमआयची सेटिंग रीबूटनंतर टिकलेली नसते, कधी बीएमसीच्या खात्याला तो पाठवण्याचा अधिकारच नसतो, कधी राखलेली मेमरी त्या यंत्राच्या ड्रायव्हरांना पुरत नाही आणि दुसरा कर्नल अर्ध्यातच मरतो. दोन्ही व्हीएमकोर उघडून सर्व कोअरचे स्टॅक वाचता आले की मगच डेटाबेसवाल्यांना यंत्राचा ताबा देतो.